सापासोबत त्याचा मुलूखही येतो

प्रस्तावना

कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन काही वर्षे नीट सांभाळला की पाळणाऱ्याच्या मनात प्रश्न येतोच: आता पुढे काय? ज्यांना तो पडला आहे, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. थर्मोस्टॅट कसा लावायचा, गोठवलेला उंदीर कोमट करून कसा द्यायचा, कात अखंड उतरली की डोळ्यांवर अडकली हे कसे पाहायचे, एवढे वाचकाला येते असे गृहीत धरले आहे. त्याची उजळणी इथे नाही.

बंदिवासातल्या सापांची निगा हे शास्त्र तसे तरुण आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८४९मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र दालन उघडले. ते जगातले पहिले मानले जाते. पुढे बराच काळ मेलेल्या सापाच्या जागी जंगलातून दुसरा आणायचा, असाच रिवाज होता. तो मोडू लागला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पेटीतल्या सापांची वीण नियमित होऊ लागली तेव्हा. त्यात प्राणिसंग्रहालयांइतकाच घरी पेट्या ठेवणाऱ्या हौशी मंडळींचा वाटा आहे. नोंदवही राखणारा हौशी माणूस या क्षेत्रात उपरा नाही, घरचाच आहे.

सोपे साप सोपे का असतात, याचा विचार आपण सहसा करत नाही. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागात शेता-कोठारांतून उंदरांमागे हिंडतो. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ मुलखात उंदीर-घुशींच्या बिळांत दडून राहतो. दोघांनाही माणसाच्या खोलीतली हवा थोडी ऊब दिली की मानवते, आणि दोघांचे खाणे दुकानात गोठवलेले मिळते. त्यांचा मुलूख आपल्या घराच्या जवळचा आहे, इतकाच त्यांचा सोपेपणा. अवघड साप स्वभावाने वाईट नसतो. त्याचा मुलूख आपल्या घरापासून लांब असतो, आणि ते अंतर पाळणाऱ्याला भरून काढावे लागते. पुढची सगळी प्रकरणे या एका सूत्रावर उभी आहेत.

‘अवघड’ म्हणताच पुष्कळांच्या डोळ्यांसमोर विषारी साप येतो. ती वाट या पुस्तकात नाही. अनेक विषारी जाती निगेच्या दृष्टीने सोप्याच असतात. अवघड असते ते चावून न घेणे, आणि त्या कौशल्याने सापाचे काही भले होत नाही. शिवाय विषाला उतारा त्या-त्या सापाचाच लागतो. भारतातले नेहमीचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांपुरते आहे. दूरदेशीच्या सापाच्या दंशावर ते भरवशाचे नाही. ब्रिटनमध्ये १९७६च्या कायद्याने असे धोकादायक प्राणी ठेवायला परवाना लागतो, तो उगाच नाही.

मग अवघडपणा पाहायचा कुठे? आफ्रिकेतला अंडीखाऊ साप, डॅसिपेल्टिस, हा चांगला धडा आहे. बिनविषारी, अंगाने बारीक, जबड्यात दात नावापुरते. डिवचला की वेटोळे घालून खवल्यांवर खवले घासतो आणि खरखर आवाज काढतो. कोकणात फुरसे पाहिलेल्या माणसाला ही खरखर चटकन ओळखू येईल. फुरशाच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदांचीच ही नक्कल मानली जाते. तो खातो फक्त पक्ष्यांची अंडी. आधी जीभ लववून, तुंडी टेकवून अंडे तपासतो. कुजलेले किंवा आत पिल्लू वाढलेले असेल तर सोडून देतो. पसंत पडले की आपल्या डोक्याच्या कितीतरी पट मोठ्या त्या अंड्यावर जबडा हळूहळू चढवत नेतो. मानेच्या मागे त्याच्या मणक्यांची टोके खाली अन्ननलिकेत उतरलेली असतात. अंडे तिथे पोचले की अंग आवळून तो ते या टोकांवर दाबतो आणि कवच फुटते. बलक-पांढरे पोटात जाते. थोड्या वेळाने चेपलेले कवच, आतल्या पापुद्र्याने एकत्र धरलेले, तोंडावाटे बाहेर येते.

हे पाहताना भान हरपते, पण पाळणाऱ्याची खरी परीक्षा अंड्याच्या मापात आहे. मोठी मादी बटेराचे अंडे गिळते. नराला आणि पिल्लांना फिंचसारख्या चिमुकल्या पक्ष्यांची ताजी अंडी लागतात. म्हणजे सापाच्या आधी फिंचचा पिंजरा घरात यायला हवा. शिवाय रानात हा साप पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात भरपेट खातो आणि एरवी महिनोन्‌महिने उपाशी राहतो. उंदरांच्या वेळापत्रकाला सरावलेल्या माणसाला तो उपास आजार वाटतो आणि तो नको ते उपचार सुरू करतो. अनुभव आडवा येतो तो असा.

अंडी खाणारा एक साप आपल्याकडेही आहे. १८६३मध्ये राइनहार्ट यांनी त्याचे वर्णन केले. पुढे तो इतका क्वचित दिसला की त्याच्याबद्दल फारसे काही हाती नव्हते. या शतकाच्या सुरुवातीला तो वर्ध्याच्या परिसरात सापडला, आणि महाराष्ट्रातली त्याची पहिली नोंद २००५मध्ये प्रसिद्ध झाली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. तो पाळायचा नाही. तोच कशाला, आपल्या रानातला कोणताही साप हौसेखातर घरात ठेवायचा नाही. साइटीस या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या परिशिष्टांतल्या परदेशी जाती बाळगणाऱ्यांवरही २०२२च्या दुरुस्तीने नोंदणीचे बंधन आले आहे. म्हणून हे पुस्तक मुख्यतः युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे. तिथेही प्रांताप्रांतांचे नियम वेगळे आहेत, ते आधी पाहावेत. इथल्या वाचकाला पाळायचे नसेल, तरी समजून घ्यायला काहीच आडकाठी नाही.

दुसरे टोक पाण्यात आहे. थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनामच्या गढूळ, संथ पाण्यात राहणारा एरपेटॉन हा मिशाळ साप जमिनीवर जवळजवळ येतच नाही. तुंडीवरच्या दोन मांसल मिशांनी त्याला पाण्यातली हालचाल जाणवते. शिकारीच्या वेळी तो इंग्रजी ‘जे’च्या आकारात निश्चल पडून राहतो. मासा त्या बाकात आला की हा धडाचा किंचितसा झटका देतो. मासा दचकून उलट दिशेला पळतो, आणि तिथे तोंड तयार असते. केनेथ कॅटानिया यांनी २००९मध्ये वेगवान चित्रीकरणातून दाखवून दिले की माशाची पळण्याची उपजत उसळीच हा साप आपल्या कामी लावतो. या सापासाठी थर्मोस्टॅटहून पाण्याची परीक्षा महत्त्वाची. पाणी ऊबदार आणि आम्लाकडे झुकलेले हवे, नाहीतर कातडीवर बुरशी धरते. नुसते गोल्डफिश घालत राहिले तर त्यांतल्या एका विकराने ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होते आणि साप खात-पीत असूनही खंगतो. इथे सर्पपालकाला मत्स्यपालकाची विद्या नव्याने शिकावी लागते.

तिसरा सगळ्यांच्या आवडीचा: न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्कचा झाडावरचा हिरवा अजगर. पिल्ले पिवळी किंवा विटकरी असतात, मोठेपणी हिरवी होतात. पिल्लू सुरुवातीला उंदराला तोंड लावत नाही; चिमट्यात धरलेले उंदराचे गुलाबी पिल्लू त्याच्या शेपटीला हलकेच लावून चिडवावे लागते, तेव्हा कुठे झेप येते. कोवळ्या वयात हाताळले तर पाठीच्या कण्याला इजा होते. हवा दमट हवी, पण सतत ओली नको. फवारल्यानंतर पेटी सुकायला वेळ द्यावाच लागतो. मोठ्याला वरचेवर खाऊ घातले तर गुदाशय बाहेर येण्याचा धोका वाढतो. हे सारे धीराने जमते.

या अजगराबाबत धीराहून मोठा प्रश्न तो कुठून आला हा आहे. डॅनियल नॅटुश आणि जेसिका लायन्स यांनी इंडोनेशियात माग काढून २०११मध्ये मांडले की, ‘पैदाशीतले’ म्हणून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांपैकी किमान ८० टक्के रानातून पकडलेले होते. असे साप जंत आणि ताण घेऊन येतात, आणि विकणारा हा अवघडपणा जातीच्या माथी मारतो. आई-बाप दाखवणारा, खाण्याच्या नोंदी देणारा पैदासकार शोधणे ही निवडीची पहिली पायरी आहे. किमतीतला फरक त्यापुढे काहीच नाही.

म्हणून या पुस्तकात जातींची उतरंड लावलेली नाही. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी तो साप राहतो तिथले पाऊसपाणी, उंची, ऋतू आणि भक्ष्य दिले आहे. पेटीची मापे त्यानंतर येतात. माझा आग्रह एवढाच की, साप आणण्याआधी रिकामी पेटी एक पूर्ण ऋतुचक्र चालवून पाहावी. हिवाळ्यात हीटर लागला की आर्द्रता किती घसरते, गावाला गेल्यावर पाण्याकडे कोण बघणार, फिंच अंडी घालायचे थांबले तर काय करायचे, याची उत्तरे नोंदवहीत उतरू द्यावीत. ती समाधानकारक नसतील तर घरातल्या कॉर्न स्नेकचीच निगा आणखी बारकाईने करावी. त्यात कमीपणा नाही. आणि जमले तर आपल्या नोंदी, फसलेल्या प्रयत्नांसकट, इतरांना द्याव्यात. पैदास करणाऱ्यांचे हात जितके वाढतील, तितके रानातले साप रानात राहण्याची शक्यता वाढेल.