भीमथडीचा घोडा आणि घरच्या शिंगराची जोपासना

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी भीमा आणि तिला मिळणाऱ्या घोड व सीना या नद्यांचा टापू मराठेशाहीच्या काळात घोड्यांसाठी नावाजलेला होता. भीमेच्या थडीवर, म्हणजे काठावर, निपजणाऱ्या या घोड्यांना ‘भीमथडी’ असे नाव पडले. मध्यम उंचीचा, भरीव बांध्याचा, बहुधा काळसर तांबूस अंगाचा आणि काळ्या पायांचा हा घोडा वेगापेक्षा चिवटपणासाठी ओळखला जाई. त्याच्या चिवटपणाचे श्रेय सामान्यतः रक्ताला आणि हवापाण्याला दिले जाते. पण त्यात तितकाच वाटा होता तो घोडा ज्याच्या दारात शिंगरू म्हणून वाढला त्या माणसाचा, आणि हा वाटा ज्या व्यवस्थेतून आला तिचा इतिहास स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे.

१५व्या शतकात दख्खनच्या सुलतानांची घोड्यांची मोठी गरज समुद्रमार्गे येणाऱ्या अरबी व इराणी घोड्यांवर भागत असे. त्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी विक्रीसाठी एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला, तेव्हा तिथल्या सुभेदाराने तो घोडाच अडकवून ठेवला. या देशात घोडे निपजत नाहीत, त्यांना कडधान्य आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी चारतात, अशी नोंद निकितीनने केली आहे. ती सर्वस्वी खरी मानता येत नाही, कारण देशी तट्टे येथे होतीच. मात्र सरदारांच्या बसण्याजोगा घोडा बाहेरून येतो हे तिच्यातून स्पष्ट होते. त्याच जुन्नरमधून उभे राहून मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली व पुढे अहमदनगर, म्हणजे नगर, शहर वसवले. आयात घोड्यांचे रक्त देशी घोड्यांत मिसळून भीमाकाठची जात घडत गेली, असे सामान्यतः मानले जाते.

आयात घोड्यांवर चालणारे जड घोडदळ आणि देशी घोड्यांवरचे हलके घोडदळ यांतला फरक निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने नेमका ओळखला. नगरजवळच्या भातवडी येथे १६२४ मध्ये त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला, त्यात तलावाचे पाणी सोडून केलेल्या चिखलाइतकाच रात्री-अपरात्री छापे घालून शत्रूची रसद तोडणाऱ्या मराठा स्वारांचाही हात होता. अशा युद्धात लागणारा घोडा दिवसामागून दिवस चालणारा, कडब्यावर भागवणारा आणि खडकाळ वाटेवर खूर न फुटणारा असावा लागे.

मराठा घोडदळात स्वारांचे दोन वर्ग होते. ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर आणि जो स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. शिवाजी महाराजांचा कल पागेकडे होता. २५ बारगिरांवर एक हवालदार नेमून तेवढ्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद देण्याची रचना बखरकार सभासदाने नोंदवली आहे. पावसाळ्यात फौज छावणीस परते, तेव्हा घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा आधीच सिद्ध ठेवल्या जात. चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील छावणीस महाराजांनी पाठवलेल्या पत्रात ही काळजी अगदी जवळून दिसते. वैरण आताच उधळली तर ऐन पावसाळ्यात घोडी मरू लागतील व ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, जळती वात उंदराने पळवली तरी गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्याने त्यात ताकीद दिलेली आहे. चांगल्या घोड्याचे मोल केवढे होते हे श्रीगोंदे तालुक्यातल्या भीमाकाठच्या पेडगावच्या घटनेवरून कळते. १६७४ च्या पावसाळ्यात मराठ्यांच्या एका तुकडीने हुलकावणी देऊन मोगल सुभेदार बहादूरखानाला छावणीबाहेर काढले आणि दुसऱ्या तुकडीने ती लुटली. या लुटीच्या वृत्तांतात खजिन्याबरोबर २०० उत्तम घोड्यांचा आवर्जून उल्लेख येतो.

१८व्या शतकात फौजा वाढल्या, तसे शिलेदारांचे महत्त्वही वाढले. शिलेदाराच्या दृष्टीने घोडी ही शेताइतकीच मोलाची मिळकत होती. सुमारे ११ महिन्यांनी घोडी व्याली की घरात पुढच्या स्वारीचा घोडा आला. तो विकत घ्यावा लागत नसे, मात्र त्यासाठी काही वर्षे थांबावे लागे. आईमागे माळावर हिंडणारे शिंगरू, पुढे अगाडी-पिछाडीची, म्हणजे पुढून व मागून बांधण्याच्या दोऱ्यांची, सवय, मग काव्यावर धरणे, म्हणजे लांब दोरीवर वर्तुळात फिरवून चाल सुधारणे, आणि शेवटी खोगीर, असा हा क्रम होता. हरभरा किंवा भिजवलेल्या कुळथाची चंदी, म्हणजे दाणा, ज्वारीचा कडबा आणि रोजचा खरारा, म्हणजे अंग घासणे, यांतून माणसाला घोड्याची भूक, श्वास आणि थकवा बारकाईने कळू लागे. या व्यवस्थेची उणी बाजूही होती. रणात घोडा पडला तर शिलेदार बुडे, म्हणून घोडा वाचवण्याकडे त्याचा ओढा राही आणि निकराच्या हल्ल्यात त्याचा भरवसा कमी धरला जाई. लांब मजलीसाठी पोसलेला घोडा आणि समोरासमोरच्या झुंजीतला संकोच या दोन्ही गोष्टी एकाच मालकीतून येत होत्या.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर घोड्यांची ही मागणी ओसरली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने शिरूरजवळ आळेगाव येथे पैदास केंद्र काढले, पण ते टिकले नाही. पुढे लष्कराची भिस्त ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ‘वेलर’ घोड्यांवर वाढत गेली. नगरच्या छावणीत रिमाउंट डेपो होता. फौजेसाठी नवे घोडे विकत घेऊन त्यांना तयार करण्याच्या ठाण्याला हे नाव होते. या पद्धतीत घोडा पोसणारा एक, शिकवणारा दुसरा आणि बसणारा तिसरा झाला. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजी फौजेतली ‘सिलेदारी’, म्हणजे स्वाराने स्वतःचा घोडा आणण्याची, पद्धतही मोडली आणि १९४८ पासून नगर हे चिलखती दलाच्या प्रशिक्षणाचे केंद्र झाले.

घोडे घरी वाढवण्याची रीत मात्र धनगरांच्या वाड्यांत, म्हणजे फिरत्या बिऱ्हाडांत, टिकून राहिली. पारनेरसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील मेंढपाळ पावसाळा सरल्यावर कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात, तेव्हा बिऱ्हाड, घोंगड्या, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरे घोड्यांच्या पाठीवर असतात आणि शिंगरे मोकळी आईबरोबर चालतात. घोड्याचा पाठकणा पूर्ण पक्का व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. तोवर संथ, लांब आणि खडकाळ चालीने खूर, स्नायुबंध व हाडे हळूहळू कणखर होतात.

आजच्या एन्ड्युरन्स शर्यतींचे, म्हणजे १६० किलोमीटरपर्यंतच्या लांब पल्ल्याच्या अश्वस्पर्धांचे, शास्त्रही हेच सांगते. प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोडा तपासतात. ठरावीक मुदतीत नाडीचे ठोके मिनिटाला ६४ च्या आत आले नाहीत तर तो बाद होतो, आणि सर्वांत लांब आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी त्याचे वय किमान ८ वर्षे असावे लागते. सबुरी हा तिथे नियम आहे. शिलेदाराला आणि धनगराला ती गरजेपोटी पाळावी लागली.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ही मोलाची घटना आहे. तथापि नोंदीने रक्त जपले जाईल, चिवटपणा जपला जाईलच असे नाही. त्यासाठी चराऊ माळ आणि स्थलांतराच्या वाटा शाबूत राहिल्या पाहिजेत, आणि शिंगरू वाढवणाऱ्या मेंढपाळाला पैदासकार म्हणून मान व मोबदला मिळाला पाहिजे. कारण चार शतके या मुलखाने जो घोडा घडवला, तो घडवण्याची विद्या आज मुख्यतः या मेंढपाळाच्याच हाती उरली आहे.