भोपळ्याचा विमानप्रवास

विमान कंपन्यांच्या सामानाच्या नियमांत ६२ इंच हा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज ६२ इंचांच्या, म्हणजे १५८ सेंटिमीटरच्या आत हवी. आता आमच्या मिरजेचा मर्दानी तंबोरा घ्या. लांबी साधारण पाच फूट, भोपळ्याचा व्यास दीड फुटाच्या आसपास. पेटीत घातला की हीच बेरीज शंभर इंचांच्या घरात जाते. वजन मात्र जेमतेम पाच किलो! म्हणजे वजनाने भाजीची पिशवी आणि आकाराने कपाट.

मी शाळेत तीसहून अधिक वर्षे इतिहास शिकवला. लढाया झाल्या, तह झाले, सनावळ्या झाल्या. पण वाहन बदलले की वाद्याचे काय होते, हा धडा कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. निवृत्तीनंतर मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानांत बसण्याची सवय लागली आणि हा विषय डोक्यात शिरला. माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या संगीतातून खरा तंबोरा मागे सरला तो अभिरुची बदलली म्हणून नव्हे. त्यामागे बऱ्याच अंशी विमानाचे दार आहे.

तंबोऱ्याचा आकार कुणी कागदावर आखून ठरवलेला नाही, तो भोपळ्याने ठरवला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमाकाठी हे कडू भोपळे पिकतात. कडू असल्यामुळे खाण्याच्या उपयोगाचे नाहीत. ते वेलावर पुरते जून होऊ द्यायचे, वाळवायचे आणि मग मिरजेला आणायचे. वेलाने जेवढा गोल दिला तेवढा तंबोरा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेत फरीदसाहेबांनी ही वाद्ये घडवायला सुरुवात केली. त्यांचे घराणे शिकलगारांचे, म्हणजे हत्यारांना धार आणि पाणी देणाऱ्यांचे. इंग्रजी अमलात तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही आणि पोलादावर बसलेला तो हात लाकडावर आणि तारेवर वळला. वर्गात इंग्रजी अमलाचे परिणाम शिकवताना मला हे ठाऊक असते तर पोरे जरा जागी राहिली असती. असो.

या नाजूक भोपळ्याला बैलगाडी चालली आणि आगगाडीही चालली. गवसणी घातलेला तंबोरा डब्यातल्या वरच्या बाकावर आडवा टाकायचा, त्याच्या कडेला आपण अंग चोरून निजायचे. मी स्वतः असे गवई पाहिले आहेत. आगगाडीचे मोठेपण हे की तंबोरा मालकाच्या नजरेआड होत नसे. अब्दुल करीम खाँसाहेबांचे उदाहरण मिरजेत आजही लोक सांगतात. १९३७ च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीकडे जाताना त्यांची प्रकृती बिघडली आणि ते सिंगपेरुमाल कोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. तिथे फलाटावर त्यांनी तंबोरा जुळवायला सांगितला, गायले आणि तिथेच देह ठेवला. तंबोरा हाताशी होता म्हणून ते शेवटचे गाणे झाले. तोच मालडब्यात असता तर?

खाँसाहेब गेले त्याच्या आदल्या वर्षी, १९३६ मध्ये, जर्मनीच्या हिंडेनबर्ग या अजस्र हवाई जहाजात एक पियानो बसवला होता. लाइपझिगच्या ब्लुथनर कंपनीने तो मुद्दाम ॲल्युमिनियमचा केला, वरून डुकराच्या पिवळ्या कातड्याने मढवला आणि वजन १६२ किलोंपर्यंत खाली आणले. ग्रँड पियानो एरवी याच्या दुप्पट-तिप्पट भरतो. मे १९३७ मध्ये हिंडेनबर्ग अमेरिकेत जळून कोसळले, तेव्हा पियानो सुदैवाने आधीच उतरवलेला होता. पुढे महायुद्धात लाइपझिगवर बाँब पडले, त्यात तो गेलाच. या गोष्टीत मला मौज वाटते ती अशी, की कंपनीला प्रवाशांची करमणूक हवी होती तेव्हा वाद्याचे लाकूडसुद्धा बदलून झाले. उतारूचे स्वतःचे वाद्य मात्र तेव्हाही सामान होते आणि आजही सामानच आहे.

सामान या शब्दाला कायद्यात फार अर्थ आहे. १९२९ मध्ये पोलंडच्या राजधानीत वॉर्सा करार झाला. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात नोंदवलेले सामान हरवले वा मोडले तर भरपाई किती, हे त्यात ठरले. मोजमाप होते किलोचे! कराराच्या भाषेत किलोमागे २५० फ्रँक, अलीकडच्या व्यवहारात किलोमागे सुमारे २० डॉलर. लोखंडी इस्त्री आणि तंबोरा एकाच तराजूत. जास्त किंमत आधी जाहीर करून जादा आकार भरण्याची सोय होती. ती कितीजणांना ठाऊक असणार?

आमच्या घरात हा करार १९९८ मध्ये शिरला. माझी पुतणी लग्न होऊन अमेरिकेला निघाली. गाणे दहा वर्षे शिकलेली. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून तिला मिरजेचा तंबोरा करून दिला. सुताराकडून पेटी करवली, आत कापूस आणि जुनी गोधडी. पेटी नऊ किलोंची, तंबोरा पाच किलोंचा. विमान कंपनीचे नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तिकडे पेटी उघडली तर भोपळा शाबूत, आणि दांडी जिथे भोपळ्याला जोडतात तिथे आरपार तडा. पेटी कुठेतरी उभीची आडवी पडली असणार. कंपनीने हिशेब केला तो १४ किलोंचा, २८० डॉलर. त्यातले १८० डॉलर सुताराच्या पेटीचे आणि १०० तंबोऱ्याचे, असे माझा भाऊ पुढे हसून सांगे. हसणे तोंडापुरतेच होते.

त्या गावात तंबोरा सांधणारे कुणी नव्हते. परत मिरजेला पाठवावा तर पुन्हा तेच विमान. पुतणीने इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेतला आणि त्यावर रियाज सुरू केला. काही वर्षांनी ती इकडे आली तेव्हा मला म्हणाली, "काका, सूर त्या डबीतही बरोबर लागतो. पण तंबोरा जुळवताना कान हळूहळू शांत व्हायचा ना, ती दहा मिनिटं गेली." मी गाणारा नाही, फक्त ऐकणारा आहे, तरी ही तक्रार मला कळली. घोडीवर तारेखाली तो बारीक दोरा सरकवून जवारी लावणे, खर्जाच्या तारेतून गंधार उमटेपर्यंत थांबणे, यातच गाणाऱ्याचा कान तयार होत असतो. डबीला बटण असते.

यात मोठ्या कलावंतांनी कसा मार्ग काढला? पंडित रविशंकर १९५६ मध्ये युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. त्या काळात त्यांच्याबरोबर तंबोऱ्यावर नोडू मल्लिक बसत. हे मल्लिक म्हणजे त्यांची सतार घडवणारे कारागीरच! दुरुस्ती करणारा माणूसच साथीला बसवला, याहून शहाणपणाची तजवीज मला माहीत नाही. सतारीचा वरचा लहान भोपळा पेचाने निघतो, हेही प्रवासात फार उपयोगी पडते. तंबोऱ्याचा एकुलता एक भोपळा काढून कुठे ठेवणार?

गवयांनी दुसरी वाट धरली. पुलंनी भीमसेन जोशींना 'हवाईगंधर्व' म्हटले, ते त्यांच्या अखंड विमानप्रवासावरून. आज कोलकाता, उद्या मुंबई, परवा आणखी कुठे, अशा धावपळीत जिथे कार्यक्रम तिथला तंबोरा, ही पद्धत सगळीकडे रूढ होत गेली. अमेरिकेतल्या कितीतरी गावांत एखाद्या मराठी किंवा बंगाली घरी तंबोऱ्यांची जोडी सांभाळलेली असते आणि येईल तो गवई तीच जुळवून घेतो. त्या घरांचे आपल्या संगीतावर मोठे ऋण आहे, त्यांची नावे कुठे छापून येत नाहीत. पण परक्या तंबोऱ्याची जवारी आपल्या गळ्याला जमेलच असे नाही, आणि कार्यक्रमाआधी वेळ कुठे असतो?

पाश्चात्त्यांची गतही फार वेगळी नव्हती. चेलोवादकांना वाद्यासाठी स्वतंत्र तिकीट काढावे लागते. लिन हॅरल या नामवंत वादकाने चेलोच्या तिकिटावरचे मैलही चेलोच्या नावाने साठवले होते. २०१२ मध्ये डेल्टा कंपनीने त्याचे आणि चेलोचे, दोन्ही खाती बंद केली. पैसे घेताना चेलो प्रवासी, सवलत देताना सामान! त्याआधी २००८ मध्ये कॅनडाच्या डेव्ह कॅरलची गिटार युनायटेडच्या प्रवासात मोडली. दाद लागेना, तेव्हा त्याने २००९ मध्ये त्यावर गाणेच रचून इंटरनेटवर टाकले आणि ते जगभर गाजले. २०१२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि २०१५ पासून त्याचे नियम लागू झाले. तिथल्या कंपन्यांनी लहान वाद्य, जागा असेल तर, आत घेऊ द्यायचे. मोठे वाद्य नोंदवलेल्या सामानात १५० इंचांपर्यंत आणि ७५ किलोंपर्यंत स्वीकारायचे, म्हणजे विमानात मावत असेल तर. ६२ नव्हे, १५०! आमचा तंबोरा त्यात आरामात बसतो.

वॉर्सा कराराच्या जागी १९९९ चा माँट्रियल करार आला. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. त्यात उतारूच्या सामानाचा किलोचा हिशेब गेला आणि उतारूमागे एक ठरावीक मर्यादा आली. २०२४ च्या अखेरीस ती वाढून सुमारे २००० डॉलरपर्यंत गेली आहे. पुतणीच्या वेळी हे असते तर निदान भावाचे पैसे तरी निघाले असते.

नियम झाले म्हणून अपघात थांबले असे नाही. २०१४ मध्ये उस्ताद अमजद अली खाँ लंडनहून दिल्लीला परतले आणि त्यांची ४५ वर्षांची सरोद मागेच राहिली. काही दिवसांनी मिळाली, पण ते दिवस त्यांनी कसे काढले असतील? शुभेंद्र राव यांची सतार प्रवासात मोडली. २०२० मध्ये मालीचे बल्लाके सिसोको न्यूयॉर्कहून पॅरिसला उतरले आणि त्यांची कोरा सुटी झालेली निघाली. कोरा हेही भोपळ्याचेच वाद्य. कुणी उघडली यावर तिकडच्या सुरक्षा खात्याने हात झटकले. एक्स-रेच्या पडद्यावर तारा, खुंट्या आणि पोकळ गोळा पाहून तपासनिसाला शंका येत असेल, हे मी समजू शकतो. पण उघडणाऱ्याला पुन्हा जोडता येत नसेल तर त्याने हात लावू नये.

इथे एक गंमत सांगतो. पुतणीने घेतली तशी डबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तानपुरा, १९७९ मध्ये प्रथम आणला तो बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी. ते स्वतः बासरीवादक, आणि नोकरी केली होती हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, म्हणजे विमानांच्या कारखान्यात! विमानाने तंबोरा अडवला आणि विमानांच्या कारखान्यातल्या माणसाने त्याला पर्याय दिला. या डबीला नाके मुरडणारे बरेच आहेत. मी त्यांच्यात नाही. परदेशात, लहान घरात, एकटीने सूर धरून ठेवणाऱ्या कितीतरी मुलींचे गाणे तिच्यामुळे टिकले. माझे म्हणणे एवढेच, की सोय आहे म्हणून तिला तंबोरा म्हणू नये.

मिरजेचे कारागीर गप्प बसलेले नाहीत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा त्यांना आनंद आहेच. पण रोजचे काम वेगळे आहे. आता ते भोपळ्याऐवजी चपट्या लाकडी पेटीचे लहान तंबोरे करतात, फायबरच्या पेट्या करून देतात. "सर, गिऱ्हाईक आधी पेटीचं माप विचारतं, मग सुराचं," असे एकजण मला म्हणाला. चपट्या तंबोऱ्याचा नाद भोपळ्याइतका भरदार नसतो हे तोच सांगतो, आणि तरीही करतो, कारण मागणी आहे.

ज्यांना खरा भोपळाच न्यायचा आहे त्यांच्यासाठी त्याने सांगितलेले इथे लिहून ठेवतो. विमानाच्या पोटात हवा नसते आणि म्हणून भोपळा फुटतो, ही समजूत खोटी. उतारूंच्या विमानात खालीही वरच्यासारखाच हवेचा दाब असतो. भोपळ्याला भीती आपटण्याची आणि कोरड्या हवेची. निघण्यापूर्वी घोडीच्या पायांभोवती पेन्सिलीने बारीक खूण करावी. मग तारा सैल कराव्यात, पण खुंट्यांवरून काढू नयेत. घोडी काढून वेगळी गुंडाळावी आणि जवळच्या पिशवीत ठेवावी, तिच्यावरच जवारी असते. मणके आणि दोरा एका डबीत. पेटीत भोपळ्याभोवती सगळेच भरतात, पण दांडीचा माथा मोकळा राहतो आणि पेटी पडली की तोच हिसका खाऊन सांध्यापाशी मोडतो. म्हणून माथ्याखाली आणि दांडीच्या दोन्ही अंगांना घट्ट भरावे, गोधडी चालेल. पोचल्यावर पेटी लगेच उघडू नये, एक रात्र खोलीत तशीच राहू द्यावी. आणि तारा एकदम चढवू नयेत, दोन दिवस घ्यावेत.