पाचाडच्या पंगतीतला गूळ

मे १६७४ मध्ये मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडाच्या पायथ्याशी पाचाडात येऊन थांबला. शिवाजी महाराज तेव्हा प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले होते. पुढे गडावर राज्याभिषेकाचे विधी झाले, महाराजांची तुला झाली. सोन्यामागून इतर धातू, कापूर, मीठ, लोणी, मसाले आणि फळे पारड्यात पडली. त्यांच्या जोडीला साखरही होती. राजाच्या तुलेत मान मिळावा इतकी ती मोलाची होती. त्याच जून महिन्यात, १७ तारखेला, पाचाडच्या वाड्यात जिजाबाईंनी देह ठेवला.

वाड्याबाहेरच्या पाचाडात सणाचा गोडवा म्हणजे गूळ. तोही गावचा नव्हे. महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावर भात, नाचणी, वरी पिकते, ऊस देशावरचा. घाटवाटांनी बैलांच्या पाठीवरून कोकणचे मीठ वर जाई आणि देशावरचा माल खाली उतरे. एवढी मजल मारून आलेली ढेप घरात जपूनच फोडली जाई. शिमग्याला पुरणपोळी, श्रावण-भादव्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या, गणपतीला उकडीचे मोदक, दिवाळीला करंज्या. एरवी नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले आणि भात.

शिवाय जे गोड होई ते आधी नैवेद्याच्या पानावर जाई. त्याआधी पोराने चोरून गूळखोबरे तोंडात टाकले तर पाठीत धपाटा बसे. नैवेद्यानंतर पंगत, पंगतीनंतर पडवीच्या कडेला तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा. गोड जेवणाबरोबर आले आणि जेवणाबरोबरच संपले. जुन्या माणसांचे दात राखुंडीने टिकले, असे आजही हौसेने सांगितले जाते. त्या दातांचे मोठे श्रेय खरे तर या पंगतीच्या शिस्तीला आणि गुळाच्या टंचाईला द्यायला हवे.

दात घासण्याची विद्या मात्र जुनी आणि पक्की होती. सुश्रुतसंहितेत दातवण बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढे जाड असावे असे सांगितले आहे. कडू झाडांत कडुनिंब श्रेष्ठ, तुरटांत खैर, तिखटांत करंज. चरकाने तर दिवसातून दोनदा दात घासायला सांगितले. कोकणातल्या घरांत काडी नसली तर आंब्याचे पान असेच. काडी हाती आली की आधी साल थोडी सोलायची, टोक दाढेखाली धरून सावकाश चावायचे, तंतू सुटून कुंचला झाला की हिरडीपासून दाताच्या टोकाकडे फिरवायचा. शेवटी काडी उभी चिरून तिच्याच फाकेने जीभ खरवडायची. हे काम घाईत होत नाही, आणि त्यातच त्याचा गुण होता.

राखुंडीचे तसे नाही. गोवऱ्यांची राख मिठाबरोबर बोटाने घासली की दात पांढरे दिसतात, पण भरड राखेने वरचे कवचही झिजते. मिसरी त्याहून वाईट. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू बायाबापड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हिरड्यांना चोळली. तिची सवय जडते आणि ती तोंडाच्या कर्करोगाला वाट करून देते. जुने म्हणून तिला दंतमंजन म्हणणे हा त्या बायकांवर अन्याय आहे.

दाढ ठणकू लागली की भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धूर तोंडात घेत. धुराने दाढेतले किडे पडतात, अशी समजूत होती. ही समजूत एकट्या कोकणाची नव्हती, जगभर होती. पॅरिसच्या पिएर फोशारने १७२८ च्या आपल्या ग्रंथात ती नाकारली. १८९० मध्ये विलोबी मिलर या बर्लिनमधल्या अमेरिकन दंतवैद्याने खरे कारण मांडले: तोंडातले जंतू साखर आणि पिष्टमय अन्न खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. त्याआधीच, १८७४ मध्ये, ब्रिटनने साखरेवरचा कर काढून टाकला होता. साखर तिथल्या गरिबाच्या चहात पोचली, आणि कीडही त्याच्या दाढेत पोचली.

गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे दातांना जास्त भोवते, हे स्वीडनमध्ये लुंडजवळच्या व्हिपेहोल्म संस्थेत १९४५ नंतर झालेल्या प्रयोगांत दिसले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी चघळणाऱ्यांचे भराभर किडले. हे ज्ञान मतिमंद रुग्णांवर, त्यांच्या संमतीवाचून प्रयोग करून मिळवलेले आहे. तो डाग पुसला जाणारा नाही. पुढे त्या देशात मुलांना फक्त शनिवारी गोड देण्याची रीत रुजली. पाचाडच्या पंगतीने तीच गोष्ट नैवेद्याच्या धाकाने साधली होती.

ती शिस्त मोडली ती मुंबईच्या वाटेने. गिरण्यांत आणि गोदीत गेलेला चाकरमानी गणपतीला घरी येताना पेढ्यांचा पुडा आणी, आणि दंतमंजनाचा डबाही. १९५२ मध्ये परळला केशव विष्णु पेंढरकरांनी विको कंपनी सुरू केली आणि वज्रदंतीचे चूर्ण दारोदार विकले. ज्या वनस्पतीचे नाव त्याला दिले ती वज्रदंती म्हणजे रानात, कुंपणाला उगवणारी पिवळी कोरांटी. त्याच सुमारास प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. रेशनवर सणाला जादा मिळणारी साखर हळूहळू रोजची झाली. आता गडाच्या वाटेवर ताक-काकडीशेजारी शीतपेयांच्या बाटल्या आणि चॉकलेटच्या माळा लटकतात, आणि दिवाळीचा फराळाचा डबा पंधरा दिवस येता-जाता उघडतो.

गूळ साखरेहून दातांना सौम्य, हाही भ्रमच. मोदकातले सारण दाढेच्या खाचेत साखरेइतकेच चिकटून बसते, आणि जंतूंना दोन्ही सारखेच. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांत आम्ल वाढते आणि ते ओसरायला अर्धा ते एक तास लागतो. येता-जाता एकेक शंकरपाळी उचलणाऱ्या पोराच्या तोंडात ते ओसरतच नाही. त्याने पाच मोदक पंगतीत एकदम खाल्लेले परवडतात. वर लगेच चूळ भरावी, आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासून मग काही खाऊ नये. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. आणि ब्रश मोठ्या माणसाने हातात धरायचा, कारण मागच्या दाढांपर्यंत पोराचा हात नीट पोचत नाही.