तळटीप : अस्टेशिया

१. अस्टेशिया : उभे राहता न येणे. ग्रीक ‘स्टॅसिस’ म्हणजे उभे राहणे, ‘अ’ नकारार्थी. आपला ‘स्था’ धातू त्याच कुळातला. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले, शार्को यांचे शिष्य पॉल ब्लॉक यांनी १८८८ मध्ये ‘अस्टेशिया-अबेशिया’ या जोडनावाने विकाराचे सविस्तर वर्णन केले (अबेशिया : चालता न येणे). मेख अशी, की अंथरुणात पडल्यापडल्या रोगी पाय हवे तसे हलवतो, पायांत जोरही असतो. उभे केले की मात्र कोलमडतो. साहजिकच त्यावर बराच काळ हिस्टेरियाचा शिक्का बसला. मेंदूतील थॅलॅमसला इजा झाल्यानेही असे होते, हे १९८८ मध्ये मास्देऊ व गोरेलिक यांनी दाखवले. मूळ मजकुरातला ‘पांगळा’ म्हणूनच इथे चालणार नाही. सुश्रुताचा ‘खंज’ एका पायाने अधू, ‘पंगू’ दोन्ही पायांनी, दोष पायांतच. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या नेवाशाच्या वाचकाला ‘पांगुळ’ वेगळाच आठवेल : पहाटे दान मागत दारोदार फिरणारा, पायांनी अगदी धडधाकट. ज्ञानदेवांच्या रूपकांतही तो आहे.