वतन, आउटहाऊस आणि एका माळ्याची वही

दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला महार वतनाचा भाग शिकविण्याची वेळ आली की माझी अडचण होते. पाठ्यपुस्तकात त्याला दीड पान दिलेले आहे. १८७४ चा वतन कायदा, १९२८ चे बाबासाहेबांचे विधेयक, १९५८ चा वतने रद्द करणारा कायदा, अशा तीन खिळ्यांवर तो सगळा भाग टांगलेला. विद्यार्थी सनावळी उतरवून घेतात आणि परीक्षेत परत करतात. ज्यांच्या पणजोबांच्या हातात वतनाची काठी होती त्यांची पणतवंडेही तेवढेच करतात. काम नाकारता न येणे म्हणजे काय, हे त्या दीड पानातून कळत नाही. मलाही ते पुस्तकातून कळलेले नाही. ते मला माझ्या वडिलांच्या एका वहीतून कळले, आणि तेही एम. ए. झाल्यानंतर.

माझे वडील पुण्यात माळीकाम करीत. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातून आजोबांबरोबर आले. आधी दुष्काळी कामावर खडी फोडली, मग कॅम्पातल्या बंगल्यांवर एका म्हाताऱ्या माळ्याच्या हाताखाली पाणी घालण्याचे काम मिळाले. त्या म्हाताऱ्याकडून ते आळे करणे, हेज कापणे, गुटी बांधणे, गुलाबाचा डोळा भरणे शिकले. १९८४ पासून स्वतःचे बंगले धरू लागले. म्हणजे कोणाचे नोकर नाहीत. सायकलला खुरपे, विळा, कात्री आणि पाइपाचे वेटोळे बांधून या बंगल्यावरून त्या बंगल्यावर. ही वही त्या वर्षापासूनची. ते चौथी शिकलेले. अक्षर ठसठशीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पान उघडले की डावीकडे बंगल्याची खूण, मध्ये काम, उजवीकडे पैसे. आणि काही ओळींपुढे पैशाच्या जागी एक मोठी फुली.

पुष्कळ दिवस मला वाटे की फुली म्हणजे बुडालेले पैसे. विचारले तेव्हा ते म्हणाले, "बुडाल्याचा गोल हाये. फुली म्हंजे म्या घेतलं न्हाई त्ये काम."

इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या माणसाला याहून मोठे दस्तऐवज क्वचितच मिळते. आमच्या माणसांनी काय केले याच्या नोंदी सरकारदरबारी आहेत. कारण ती कामे दुसऱ्यांनी करून घेतली आणि दुसऱ्यांनीच लिहिली. त्यांनी काय नाकारले याची नोंद कोण ठेवणार? येथे एका माणसाने ती स्वतःच्या हाताने ठेवली होती.

आता वतनाकडे वळतो. वतनाचा विचार करताना आपण जमिनीपाशी अडकतो. वतनाची जमीन होती हे खरे. पण ती भावकीत वाटत वाटत पायापुरती उरलेली असे, आणि तिच्या बदल्यात जे काम होते त्याला मोजमाप नव्हते. पाटील-कुलकर्ण्यांचा सांगावा, सरकारी पट्टीची ने-आण, आलेल्या अंमलदाराची सरबराई, हद्दीची राखण, मौताची खबर घेऊन परगावी जाणे, लाकडे फोडणे, मेलेले ढोर ओढणे. घरातला पुरुष गावाला गेला असेल तर बाईने, नाहीतर पोराने जायचे. दिवसाचे चोवीस तास सबंध कुटुंब बांधलेले. पगार म्हणाल तर तो सरकार देत नसे. रयतेकडून खळ्यावर बलुते मागून घ्यायचे. चाकरी सरकारची आणि पदर पसरायचा गावापुढे, असा हा कावा होता. हक्काची भाषा करावी तर बलुते बंद. काम सोडावे तर वतन जप्त, आणि वर गावाचा बहिष्कार.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात जे विधेयक आणले त्यातील मागण्या आज वाचल्या की त्यांचा नेमकेपणा लक्षात येतो. कामे कोणती ते नियमाने ठरवा. बलुत्याऐवजी रोख कर बसवून तो सरकारने वसूल करावा व त्यातून पगार द्यावा. ज्याला वतन नको असेल त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून त्या चाकरीतून मोकळे होता यावे. ही तिसरी मागणी मला सर्वांत मोलाची वाटते. जमीन ठेवूनही काम सोडता यावे, एवढेच तिच्यात आहे. ते विधेयक मंजूर झाले नाही. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

हे सर्व मी वर्गात सांगतो. परंतु त्याचा अर्थ मला उलगडला तो वहीतल्या १९९३ सालच्या एका फुलीपाशी. नोंद अशी: "मोठा बंगला, नदीकडचा. आउटहाऊस फुकट. वरून महिना ४००." आणि पुढे फुली.

आमची झोपडी तेव्हा मुठेच्या काठाला होती. खडकवासल्याचे पाणी सोडले की उंबऱ्याशी येई. मी पाच वर्षांचा, धाकटी बहीण अंगावर पीत होती. बंगल्याच्या मागे पक्की खोली, नळ, संडास, वीज आणि वर पगार. आई त्या आशेने दोन दिवस जेवली नाही, आणि वडिलांनी नकार दिल्यावर आणखी दोन दिवस. आजही ती हा विषय निघाला की उठून आत जाते. वडिलांचे म्हणणे एवढेच होते: खोली फुकट म्हणजे रात्री दोनला फाटक उघडायला आपण, गाडी धुवायला आपण, पाहुणे आले की भांड्याला तुझी आई, सुट्टीच्या दिवशी पोर. "बागेचं काम संपतं, खोलीचं काम संपत न्हाई." त्यांनी वतन हा शब्द उच्चारला नाही. त्यांच्या वडिलांनी गावकी केली होती, येसकराची पाळी केली होती. त्यांना शब्दाची गरज नव्हती. पायापुरती जमीन आणि मागची खोली यांत त्यांना फरक दिसला नाही.

मी कोणाच्या बाजूचा? लहानपणी आईच्या बाजूचा होतो. पावसाळ्यातल्या रात्री पुस्तके फळीवर चढवताना तर पूर्णपणे. आता वडिलांचा निर्णय मला समजतो, पण त्याची किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही हेही समजते. आपल्या चळवळीच्या इतिहासात नकार देणाऱ्या पुरुषांची नावे आहेत. त्या नकारानंतर चूल कोणी पेटविली याची पाने कोरी आहेत.

त्यांच्या धंद्याचे गणित साधे होते. आठवड्यातून दोनदा जायचे, महिन्याने पैसे घ्यायचे, असे आठ-दहा बंगले धरायचे. एखादे नवे लॉन लावायचे, लाल माती भरायची काम निघाले तर ते उक्ते घ्यायचे. रोजावर जायचे नाही. रोजावर गेले की उभे राहून काम घेणारा माणूस येतो. एकाच सोसायटीने सगळे काम देऊ केले तरी ते धरीत नसत. म्हणत, "आठ मालक म्हंजे एकबी मालक न्हाई." बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले, आणि जे त्यांना तेथे करू दिले नाही, त्यात त्यांनी जातीने माणसाचा धंदा निवडण्याचा आणि बदलण्याचा मार्गच कसा बंद केला, याची फोड केली आहे. वडिलांनी ते वाचलेले नव्हते. मी वाचून दाखविले तेव्हा ते ऐकता ऐकता झोपले, हेही सांगून टाकतो.

माळी या शब्दाचीही एक गंमत आहे. गावगाड्यात माळी ही जात. अलुतेदारांच्या काही याद्यांत ती येते. जोतीरावांचे घराणे मूळचे गोऱ्हे, फुलांच्या धंद्यावरून फुले झाले; आणि जोतीरावांनी स्वतः तर ठेकेदारीही केली, तीच गोष्ट १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा करणाऱ्या माणसाला शोभेशी. शहरातल्या बंगल्यावर मात्र माळी हे कामाचे नाव झाले. त्यामुळे वडिलांना पुष्कळ ठिकाणी जातीचे माळी समजत. तुळशीला पाणी घालू देत, देवपूजेची फुले त्यांच्या हातून घेत. एका बंगल्यात आजीबाईंनी विचारले, "तुम्ही कुठले माळी?" ते म्हणाले, "जातीचा न्हाई, कामाचा माळी." दुसऱ्या आठवड्यापासून पूजेची फुले त्या स्वतः तोडू लागल्या. वहीत त्या बंगल्यापुढे फुली नाही. काम चालू राहिले. फक्त जास्वंदीची छाटणी आता थोडी खोलवर होऊ लागली, असे ते हसून सांगत.

सर्वांत ठळक फुली आहे ती १९९६ ची. एका बंगल्यातला अल्सेशियन कुत्रा मेला. साहेबांनी निरोप धाडला, बागेत पुरायचा आहे. वडील गेले. म्हणाले, "साहेब, खड्डा खणून देतो, तो माझ्या कामातला आहे. कुत्र्याला हात लावणार नाही." साहेबांना ते समजेना. लाडाचा कुत्रा, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला, वास नाही, काही नाही; यात अपमान कसला? पन्नास रुपये जास्त देऊ केले. शेवटी साहेबांच्या दोन मुलांनी चार कोपरे धरून तो खड्ड्यात ठेवला, वडिलांनी माती लोटली, वर रोप लावले. पुढच्या महिन्यापासून त्या बंगल्यावर दुसरा माळी आला.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेले ढोर ओढणे आणि मृत मांस खाणे सोडण्याचे आवाहन झाले, हे आपण सारे जाणतो. त्याच परिषदेत स्पृश्यांना असेही सांगितले गेले होते की आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत. हा दुसरा भाग फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. एकोणसत्तर वर्षांनी पुण्यातल्या एका बागेत त्याची अंमलबजावणी झाली, आणि ती करणाऱ्याला परिषदेचे साल माहीत नव्हते. त्याला फक्त त्याच्या आईने सांगितलेले ठाऊक होते की ढोर ओढणे बंद केले तेव्हा गावाने दोन महिने दळण-मीठ बंद केले होते.

यंदा हे सगळे मी वर्गात सांगितले, वहीची छायाप्रत फिरविली. एका मुलीने त्यातली आणखी एक फुली दाखविली: "चेंबर तुंबला. उपसायचा. २००." तिने विचारले, "सर, मग हा चेंबर कोणी उपसला?"

मला उत्तर देता आले नाही. तिचे वडील काय काम करतात हे मला नंतर कळले; ते येथे लिहीत नाही.

घरी येऊन वडिलांना विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग सांगितले की बंगल्याच्या बाईंनी "मग कोणाला सांगू?" म्हणून विचारले, तेव्हा त्यांनीच पलीकडच्या मेहतर वस्तीचा पत्ता सांगितला होता. तो माणूस आला, कमरेइतका उतरला, काम करून गेला. दोनशेच्या जागी त्याला सव्वाशे मिळाले. १९९३ चा कायदा तेव्हा कागदावर होता, पण त्याचा रोख कोरड्या संडासांवर होता; गटार व सेप्टिक टँकमध्ये साधनांवाचून माणूस उतरविणे हा गुन्हा आहे, असे स्पष्टपणे लिहायला २०१३ साल यावे लागले. त्यानंतरही माणसे उतरतात आणि गुदमरून मरतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको.

महारांनी ढोरे सोडली तेव्हा काही गावांत ती मांगांच्या गळ्यात पडली, आणि दोन वस्त्यांत वैर उभे राहिले. त्या वैराची गावाला सोयच झाली. आपण नकाराचा इतिहास लिहितो तो बहुधा नाकारणाऱ्याच्या दारापाशी संपवितो. काम पुढे कोणाच्या दारात गेले, हे लिहीत नाही. लिहिले तर आपलीही मान थोडी खाली जाईल. मला वडिलांचा अभिमान आहे. परंतु एकजातीय नकार हा व्यवस्थेला पचतो, ती एक पायरी खाली सरकते आणि चालू राहते, हे त्या मुलीने मला दाखविले ते खरे आहे. वडिलांनी चेंबर उपसायला हवा होता, असे मी म्हणत नाही. पत्ता सांगायला नको होता, असे म्हणतो. आणि हे म्हणताना मी पंख्याखाली बसलेलो आहे, दोनशे रुपये नाकारून बाहेर उभा नाही, याचे भान ठेवतो.

त्यांनी घेतलेल्या कामांतही चुका होत्या. औषध फवारणीला त्यांनी कधी फुली मारली नाही. पैसे रोख मिळत, वेळ कमी लागे. तोंडाला उपरण्याचा फडका बांधून पंचवीस वर्षे फवारले. त्या कामात त्यांना हीन काही दिसले नाही म्हणून त्यातला धोकाही दिसला नाही. रात्री खोकल्याने उठून बसतात.

आता वय झाले, दोनच बंगले उरले आहेत. परवा वही परत मागितली. चेंबरच्या त्या ओळीपुढे फुली होती, तिच्याशेजारी त्यांनी नव्या पेनाने काहीतरी लिहिले. मी पाहिले. त्या माणसाचे नाव होते, आणि त्यापुढे त्याला कमी मिळालेले पंचाहत्तर रुपये.