तबकडीवरचे स्वतःचे गाणे

आळेफाट्यावरून नगरच्या दिशेने निघाले आणि आणे घाट चढला, की जुन्नर तालुक्याचे कोरडे पठार लागते. आणे गाव ओळखले जाते ते रंगदास स्वामींच्या यात्रेसाठी आणि त्या यात्रेतल्या आमटी-भाकरीच्या प्रसादासाठी. त्याच आळेफाट्यावरून पुण्याकडे वळले, तर थोड्याच वेळात नारायणगाव येते. पाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी येतात आणि जत्रेच्या सुपाऱ्या ठरतात. भाऊ-बापू नारायणगावकरांचा आणि पुढे विठाबाईंचा मुलूख तो हाच. त्या मुलखाचे नाव घेऊन आज आपल्याला मुंबईच्या एका रॉक बँडच्या आल्बमविषयी बोलायचे आहे. वाचकांना हे विचित्र वाटेल. पण थोडा धीर धरावा.

तमाशाला क्रम असतो. आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग. कोणी एखाद्याने मधेच उठून वगापासून सुरुवात करा म्हटले, तर फड मोडल्यासारखे होईल. ग्रामोफोन आला आणि त्याने हा क्रम तोडला. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक काही मावत नसे. लावणी असो, नाट्यपद असो की ख्याल असो, सगळ्यांनी तेवढ्यात आवरते घ्यायचे. अशा अनेक तबकड्या एकत्र ठेवण्यासाठी जाड पुठ्ठ्याच्या वह्या निघाल्या. त्या फोटोंच्या आल्बमसारख्या दिसत, म्हणून त्यांनाही आल्बम हेच नाव पडले. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने संथ फिरणारी मोठी तबकडी काढली, तेव्हा एका बाजूवर वीस मिनिटांच्या वर गाणे मावू लागले. वही गेली, नाव राहिले. आणि गाण्यांना पुन्हा एकदा क्रम लावता येऊ लागला.

या सोयीचे सोने केले ते विलायतेतल्या पोरांनी. बीटल्सच्या पहिल्या आल्बमची बहुतेक गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात मुद्रित झाली होती. पुढे चारच वर्षांनी तीच मंडळी एका आल्बमसाठी महिनोन्‌महिने स्टुडिओत बसून राहिली. ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंडने १९६७ साली आपल्या गाण्यांना ‘पॉवर पॉप’ असे नाव दिले. चाल गोड, गिटार दणकट, असा तो प्रकार. भरीत तिखट असले तरी वांग्याची गोडी राहिली पाहिजे, तसेच म्हणा ना!

आपल्याकडे हे वारे फार लवकर पोहोचले होते. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ साली पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात पियानो वाजवणारा फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला. पण त्या शाळकरी बँडची तबकडी निघाली नाही. मुंबईतही साठीच्या दशकात हौशी बँड उदंड झाले. १९७० आणि १९७१ साली एका सिगारेट कंपनीने ‘सिमला बीट’ या नावाने देशभरातल्या बँडांची स्पर्धा भरवली आणि त्यांतल्या गाण्यांच्या तबकड्या काढल्या. त्या होत्या संमेलनाच्या पंगतीसारख्या. प्रत्येकाला पानात एकेक घास.

खरी अडचण वेगळीच होती. कॉलेजच्या गॅदरिंगला जमणाऱ्या मुलांना लंडन-न्यूयॉर्कची गाजलेली गाणी जशीच्या तशी ऐकायची असत. जो हुबेहूब नक्कल करील तो मोठा. स्वतःचे गाणे सुरू केले, की मागून आरडाओरडा. म्हणजे आमच्या फडातल्या शाहिराने दुसऱ्या फडाची लावणी गायली तर त्याची छी-थू व्हायची आणि शहरातल्या गिटारवाल्याने स्वतःची रचना गायली तर त्याची! हा उलटा न्याय फार दिवस चालला.

१९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला. महेश तिनईकर गिटारवर होते, मार्क सेल्विन बासवर. गायक म्हणून पुढे उदय बेनेगल आले. नकलांनी त्यांनीही सुरुवात केली, कारण पोट त्यावरच चालते. पण १९८८ साली सी. बी. एस. कंपनीकडून त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा आल्बम निघाला. गाणी स्वतःची होती. रेनेगेड म्हणजे बंडखोर, कळप सोडून गेलेला. नाव जरा भडक खरे. पण ज्या काळात परक्याचे गाणे हीच बिदागी होती, त्या काळात आपली गाणी घेऊन बाजारात उतरणे हे बंडच होते. एक गाणे पडले तर विसरता येते, आल्बम पडला तर नावच पडते. तो पडला नाही. १९९० साली दुसरा आल्बम आला.

भाषा मात्र इंग्रजीच राहिली. यावर नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला ते तितकेसे पटत नाही. ज्या पोराचे सगळे ऐकणेच इंग्रजीतले, त्याने ओढूनताणून ओव्या रचल्या असत्या, तर ती दुसरी नक्कल झाली असती. तरीही प्रश्न त्यांच्या मनात घोळत असावा, कारण १९९३ साली त्यांनी चालते नाव टाकून ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणा होता. नावाजलेल्या फडाने ऐन पाडव्याला राहुटीवरची पाटी बदलावी तसा. त्या नव्या नावाने १९९५ साली आल्बम निघाला. त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एम्‌टीव्हीचे पारितोषिकही मिळाले. परंतु १९९७ साली मंडळी पांगली. २०१० साली पुन्हा जमली आणि २०१२ साली त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ हा आल्बम आला, पहिल्यानंतर बरोबर चोवीस वर्षांनी.

मधल्या काळात मुंबईच्या धोबीतलावावरचे रंगभवन गप्प झाले होते. उघड्या आकाशाखालच्या त्या रंगमंचासमोर ही गाणी ऐकायला पोरे दाटीवाटीने बसत. शेजारी रुग्णालये, म्हणून तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि ध्वनिवर्धकावरचे कार्यक्रम बंद पडले. रुग्णांची बाजू खोटी नव्हती. पण गाणाऱ्यांना तितकी मोक्याची, तितकी स्वस्त दुसरी जागा कोणी दिली नाही. नारायणगावच्या फडांना निदान पाडव्याला राहुटी ठोकायला मोकळे मैदान मिळते.