पंधरा मिनिटांचा सिनेमा

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. बातमी वाचली आणि मला आठवली ती बार्शीटाकळीची आमची आजी.

आजीचे डोळे काचबिंदूने गेले होते. उशाशी ट्रान्झिस्टर असायचा. सेल उतरले की आम्ही पोरं ते उन्हात ठेवायचो, तेवढ्यावर आणखी एखादा दिवस निघायचा.

थोडा इतिहास सांगतो. १९५२ साली, बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. टूथपेस्टचं नाव कार्यक्रमाच्या नावातच होतं, त्यामुळे ते टाळून कार्यक्रमाचं नाव घेताच यायचं नाही! सिलोन लागायचं लघुलहरींवर. आवाज मध्येच मोठा व्हायचा, मध्येच बुडायचा. त्या खरखरीतून पोचायचं तर शब्द सोपे आणि सुटे हवेत. सयानींना ती सोपी हिंदुस्तानी घरातच मिळाली होती. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक चालवायच्या.

आकाशवाणीने विविध भारतीवर जाहिराती घ्यायला सुरुवात केली ती १ नोव्हेंबर १९६७ला, मुंबई, पुणे आणि आपल्या नागपुरात. पुढे प्रायोजित कार्यक्रमही आले.

त्यातले आमचे लाडके म्हणजे नव्या सिनेमांचे पंधरा मिनिटांचे कार्यक्रम. जे केंद्र लागेल त्यावर ऐकायचो. दोन संवाद, गाण्याचा तुकडा, दार करकरल्याचा आवाज. मग निवेदक आवाज खाली आणून विचारणार, आता पुढे काय होणार? आणि तिथेच थांबणार. सिनेमाचं नाव मात्र पुन्हा पुन्हा घ्यायचे, कारण ऐकलेलं काही मागे जाऊन वाचता येत नाही.

तो पुढचा भाग आजी रचायची. आम्ही मध्ये बोललो की ओरडायची, “चूप बसा रे पोट्टेहो, काय बोलून राह्यला तो, आयकू द्या!” मग रात्री अंगणात अख्खा सिनेमा सांगायची. पुढे त्यातले काही मी अकोल्याला जाऊन पाहिले. खरं सांगतो, आजीचे बरे होते.

आज वाटतं, त्या जाहिरातींची ताकद यातच होती. त्या अर्धंच सांगायच्या आणि उरलेलं ऐकणाऱ्यावर सोडायच्या. त्या पंधरा मिनिटांत आजी आणि आम्ही सारखेच होतो, दिसत कुणालाच नव्हतं.

मग घरात टीव्ही आला. ट्रान्झिस्टर फळीवर गेला. जाहिरातीत चित्रच सगळं सांगायचं, बोलणं कमी. आजी भिंतीला टेकून बसायची आणि विचारायची, “आता काय दाखवून राह्यले रे?”

मी पडद्यावरून नजर न हलवता म्हणायचो, “थांब न आजी.”